भात्यावरचा डावा हात

एक चप्पल. डाव्या पायातली.

जिलेबीचा तुकडा. तो गिळला गेला नाही.

अर्धं ताट रिकामं. उरलेल्या अर्ध्यात भात जसाच्या तसा.

'जि. भंडारा' अशी पिवळी अक्षरं, ज्या गावाचा जिल्हा आता भंडारा नाही.

चूल फुंकायची लोखंडी नळी.

"पेटीले पंचर झालं गा!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

आणि एक हात. तो माझ्या पाठीवर असायचा.

*

मित्रांनो, मी पेटी आहे. कपडे ठेवतात ती नव्हे, वाजवतात ती. शहरात मला हार्मोनियम म्हणतात. मला पोट आहे, पाठ आहे, आणि गळे तर इतके आहेत की तुमच्या वर्गात तेवढी मुलं नसतील. फक्त श्वास माझा नाही. माझ्या पाठीला एक भाता आहे. कोणीतरी डाव्या हाताने तो हलवला तरच माझ्या पोटात वारा भरतो. उजव्या हाताने कितीही पट्ट्या दाबा, डावा हात नसेल तर मी नुसतं लाकूड आहे.

म्हणून ही गोष्ट मला सलग सांगता येणार नाही. भाता भरेल तेवढं बोलेन. वारा संपला की थांबेन. मध्ये रिकामी जागा दिसली तर पान फाटलं असं समजू नका.

*

माझं अंग सागाचं. पोटात पितळेचे सूर ओळीने बसवलेले आहेत. सूर म्हणजे पितळेची एक पातळ जीभ, आणि तिच्या कडेने केसाएवढी फट. त्या फटीतून वारा गेला की जीभ थरथरते. तुम्ही त्याला गाणं म्हणता.

फटीत धूळ बसू लागली की सूर थोडा घोगरा होतो. कोणाच्या लक्षात येत नाही. मग एक दिवस भर गाण्यात तो मुका होतो, आणि लोक म्हणतात, अरे, हे अचानक काय झालं? अचानक काहीच झालेलं नसतं. ही फट लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे लागेल.

माझा एक सूर असाच गेला होता. भंडाऱ्याच्या एका कासाराने दुसरा घासून बसवून दिला. तो अजून जरासा चढा लागतो. नव्या दातासारखा.

*

मी आधी अर्जुनीकडच्या एका दंडार मंडळात होते. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीचा खेळ. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, गोडी शेव विकायला बसते, आणि भर दुपारी मांडवात दंडार होते. गाणी, सोंगं, एकमेकांची टर. पुरुषच लुगडं नेसून बाईचं काम करतात. त्या मंडळाने माझ्या पुढच्या फळीवर पिवळ्या रंगात आपलं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि शेवटी 'जि. भंडारा'.

पुढे जिल्हा फुटला. ते गाव गोंदियात गेलं. मंडळही फुटलं. मी मात्र इकडे आले, अड्याळजवळच्या एका गावात, डोमाजींच्या घरी. अक्षरं कोणी पुसली नाहीत.

डोमाजी धान पिकवायचे आणि पेटी वाजवायचे. शेतात लोक त्यांना डोमा म्हणत, मांडवात पेटीमास्तर.

आता त्यांच्या डाव्या हाताबद्दल सांगते.

*

चार बोटं भात्याच्या वरच्या कडेवर. अंगठा बाहेर, हवेत. तर्जनीवर विळ्याची जुनी खूण, तिथली कातडी जरा जाड. ती जाड जागा माझ्या पाठीला रोज लागायची.

ते भाता कधी मारायचे नाहीत. मारतात दुसरे. ते भाता उघडू द्यायचे, आणि मग हळूच मिटायचे. गाणं रडवं असेल तर वारा आधी बारीक व्हायचा आणि गाणं मागून यायचं. म्हणजे काय वाजणार आहे हे उजव्या हाताच्या आधी मला कळायचं. पाठीवरूनच कळायचं.

लोक नेहमी उजव्या हाताचं कौतुक करत. "काय बोटं फिरतात मास्तरची!" डाव्या हाताकडे कोणी पाहिलं नाही. तो माझ्या मागे असायचा ना.

*

डोमाजींच्या बायकोचं नाव शकुनबाई. त्या मला सवत म्हणायच्या.

मंडईहून डोमाजी मला खांद्यावर घेऊन आले की त्या दारातूनच म्हणायच्या, "घ्या, आली तुमची लाडाची."

"अव, तुले कायची जळन? तिले जेवन लागत नाही, लुगडं लागत नाही."

"मंग तिलेच सांगा ना भात रांधाले."

डोमाजी हसायचे आणि मला पुसून खोलीत ठेवायचे. मलाही हसायचं असायचं, पण वारा नसायचा.

*

एका उन्हाळ्यात शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. डोमाजींच्या डाव्या अनामिकेतून थेंबभर रक्त काढलं आणि सांगितलं, तुम्हाला शुगर आहे. गोळ्या दिल्या. डोमाजींनी त्या नेमाने घेतल्या. चिखलणी झाली, रोवणी झाली, धान पोटरीला आलं, गोळी चालू होती.

मग मंडया लागल्या.

आमच्याकडे पेटीमास्तर जेवून बसत नाही. भरल्या पोटी गळा बसतो, डोळे मिटतात, असं सगळे मानतात. सकाळी जे खाल्लं असेल ते, मग खेळ संपेपर्यंत नुसता चहा. डोमाजी गोळी घेऊन तसेच उपाशी बसले. दुसऱ्याच गाण्याला त्यांना दरदरून घाम आला. माझ्या पट्ट्यांवर त्यांची बोटं पानासारखी थरथरली. उपाशी पोटी गोळी घेतल्याने साखर खाली गेली होती. कोणीतरी गोड चहा पाजला, बरं वाटलं.

त्यावर डॉक्टरांना विचारायचं होतं. विचारलं आपापसात.

"गोळीनं हात कापते गा," डोमाजी म्हणाले.

भैय्यालाल त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, मंडळाचे ढोलकीवाले. ते म्हणाले, "माही बीपीची बी तशीच हाये. मी तं मंडईत खातच नाही."

"मंग ठरलं. मंडईभर गोळी बंद. मंडई सरली का सुरू."

हे वाक्य मंडळात सगळ्यांना पटलं. कोणी हसलं नाही, कोणी अडवलं नाही. मंडया संपायच्या, मग बैलांच्या शर्यतींचे शंकरपट लागायचे, मग लग्नं. 'मंडईभर' हा शब्द दरवर्षी लांबत होळीला जाऊन टेकायचा. आणि कलाकाराला तर घरोघरी चहा. नाही म्हटलं की घरधनी रुसतो. कलाकाराचा म्हणून त्या चहात साखर सैल हाताने पडते.

डोमाजींना काही होत नव्हतं. साखर दुखत नाही, मित्रांनो. ती दुखली असती तर बरं झालं असतं.

*

तो दिवस.

पवनीकडच्या एका गावची मंडई. तलावाच्या पाळीखाली मांडव. सूर्य पाळीवरच्या मोहाच्या झाडावर होता. भय्याजी, आमच्या मंडळाचे प्रमुख, हिरवं लुगडं नेसून नाचत होते. डोमाजी वाजवत होते.

आधी करंगळी सुटली.

मग तिच्या शेजारचं बोट.

मग ती जाड कातडीची जागा.

मग सगळा हात माझ्या पाठीवरून घसरला आणि मांडीवर पडला, झोपलेल्या लेकरासारखा. उजवा हात वाजवतच होता. त्याला माहीत नव्हतं. पट्ट्या दबत होत्या आणि माझे सूर एकेक करून विझत होते. शेवटी तो चढा सूर तेवढा राहिला, तोही

*

"पेटीले पंचर झालं गा!"

सगळे हसले. भय्याजी पदर सावरत जवळ आले. "मास्तर, भाता मारा ना जी!"

"मा... रून..." डोमाजींची जीभ जड झाली होती. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळली होती.

"मास्तर पिऊन आले का काय?" मागून कोणीतरी म्हणालं. डोमाजींनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांनी ते ऐकलं. डोळ्यांत दिसत होतं की ऐकलं.

भैय्यालाल ढोलकी टाकून धावले. "पिऊन नाई गा, शुगर हाये त्याले! उतरली असंल. गोड आना, लवकर आना!"

जिलेबी आली. भैय्यालालनी तुकडा तोंडात घातला. तो डाव्या गालात तसाच राहिला, आणि पाकासकट ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आला. डोमाजींना ठसका लागला. "खा ना बाप्पा, खा," भैय्यालाल म्हणत होते.

मग डोमाजींना मांडवामागे सतरंजीवर निजवलं. कोणी कांदा हुंगवला, कोणी पाणी मारलं. "थोडं पडू द्या, हुशारी येते." लोक ट्रॅक्टर भरून लांबून आले होते. दुसऱ्या कोणीतरी ढोलकी घेतली आणि खेळ ढोलकी-टाळांवर पुढे चालू राहिला. कोणीही वाईट नव्हतं, मित्रांनो. सगळे वाटच पाहत होते. ज्याची वाट पाहायची नसते त्याची.

मोहाच्या झाडावरचा सूर्य पाळीआड गेला, तेव्हा भंडाऱ्याला जायला गाडी मिळाली. मला कोणीतरी ट्रॅक्टरमध्ये ठेवलं. माझा भाता उघडाच राहिला होता. रस्ताभर खड्डा आला की माझ्यातून एक श्वास निघायचा.

*

गावात म्हणाले, डोमाच्या अंगावरून वारं गेलं. लकवा मारला.

वाऱ्याचं मला थोडंफार कळतं. तो वारा नव्हता. खरं काय ते मी शकुनबाईंच्या तोंडून ऐकलं. दवाखान्यातून परत आल्यावर त्या खोलीत बसून भैय्यालालना सांगत होत्या.

"डॉक्टरीनबाई म्हनाल्या, रगतात साखर सालोसाल जास्त राहिली का नसा अंदरून खरबरीत होतात, बारीक होतात. बीपी असली तं आखीनच. मंग तिथं रगताची गाठ अटकते. डोस्क्याच्या तेवढ्या भागाले रगत भेटत नाही. उजवीकडं अटकली म्हनून डावा हात गेला, डावा पाय गेला."

मला माझी केसाएवढी फट आठवली.

"गाठ फोडाचं इंजेक्शन राहते म्हने. पन साडेचार तासाच्या आतच देता येते. आपन गेलो तवा येळ निघून गेली होती."

भैय्यालाल मग म्हणाले, "आन् वहिनी, थे जिलेबी?"

"साखर उतरली नव्हती भाऊजी. तिथं तपासली तं भल्ली चढून होती." शकुनबाई पुढे म्हणाल्या. "आन् तोंड वाकडं झालं असंल तं तोंडात काहीच घालू नोका म्हनाल्या. श्वासात अटकते."

भैय्यालालची बोटं गुडघ्यावर ढोलकी वाजवत होती. आवाज नव्हता.

"त्याइनं आखीन एक इचारलं," शकुनबाई म्हणाल्या. "पायाले मुंग्या येत होत्या का, पाय बधिर राहत होता का, कंदी ध्यानात आलं का म्हने." मग त्या उठल्या आणि चुलीकडे गेल्या. काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही.

*

मला खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं. माझ्यावर तांदळाचा कट्टा, म्हणजे पोतं, आला. कट्ट्यावर मांजर निजू लागली.

डोमाजी खाटेवर असायचे. बोलणं हळूहळू सुधारत होतं. लोक यायचे, उपाय सांगायचे. कोणी म्हणालं, कबुतराचं रक्त चोळा, हात उठते.

डोमाजी म्हणाले, "राहू द्या जी. त्या कबुतराचे तरी दोन्ही पंख चालू द्या."

लोक हसले. पण एक गोष्ट कोणाला कळत नव्हती. शकुनबाई ताट वाढायच्या. डोमाजी उजवीकडचा भात खायचे, उजवीकडची भाजी खायचे, आणि म्हणायचे, "आज कमी रांधलं का व?"

"अजी, ताटात भात हाये ना!"

"कुठं हाये?"

शकुनबाईंनी ताट फिरवलं. डावी बाजू उजवीकडे आली. डोमाजी दचकले. "हा आता कुठून आला?"

शकुनबाई पोट धरून हसल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्या हसत नव्हत्या.

डोळे ठीक होते. पण मेंदूने डावीकडचं जगच सोडून दिलं होतं. डावी भिंत नव्हती, डावा दरवाजा नव्हता, डावा हात अंथरुणात कोणा दुसऱ्याचा पडला असावा तसा होता.

आणि मी, मित्रांनो, खोलीच्या डाव्या कोपऱ्यात होते.

*

एवढ्या जवळ.

भात्यावर धूळ.

विळ्याची खूण असलेलं ते बोट खाटेच्या कडेवरून खाली लोंबायचं. माझ्यापासून हातभर दूर. मांजरीने ते कधी चाटलं तर चाटलं. माझ्याकडे पाहायला कोणी मान वळवत नव्हतं, आणि हाक मारायला मला तोच हात लागत होता.

*

अड्याळला तृप्ती नावाची एक फिजिओथेरपिस्ट होती. व्यायाम देऊन गेलेलं अंग चालवायला शिकवणारी. भैय्यालाल डोमाजींना ऑटोने तिच्याकडे न्यायचे. भिंत धरून उभं राहणं जमलं, काठीने चार पावलं जमली. एकदा घर कसं आहे ते पाहायला ती स्वतः आली.

आल्या आल्या तिने खाट थोडी फिरवायला लावली, येणारी-जाणारी माणसं त्यांच्या डाव्या बाजूला यावीत म्हणून. "मावशी, यांच्याशी बोलायचं तर डावीकडून बोला. पाण्याचा गिलास डावीकडं ठेवा. गरज पडली की मान वळेल. वळली की डोकं शिकेल."

मग तिला कट्ट्याखाली पिवळी अक्षरं दिसली. "ही कोनाची पेटी?"

"होती एकाची," डोमाजी म्हणाले.

तृप्तीने कट्टा काढला, मांजर हाकलली. हनुवटीला बोट लावून तिने त्यांचा चेहरा हळूहळू डावीकडे वळवला. "बाबा, कोन हाये इकडं?"

त्यांनी मला पाहिलं.

तृप्तीने मला समोर ठेवलं. त्यांचा डावा हात उचलून माझ्या पाठीवर ठेवला आणि त्यांच्याच दुपट्ट्याने भात्याला बांधला. किती दिवसांनी तो आला होता! थंड होता. जड होता. तो हात होता, पण त्यात डोमाजी नव्हते. त्यांनी उजव्या हाताने पट्टी दाबली. काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबली.

"कायले मस्करी करता पोरी म्हाताऱ्याची!" त्यांनी मला ढकललं.

तृप्ती चिडली नाही. म्हणाली, "हाताले रोज इचारत राहा लागते बाबा. आज नाही म्हनंल, उद्या नाही म्हनंल. मेलेल्या वाटेच्या बाजूनं डोकं नवी वाट काढते. पन साखर अशीच चढती राहिली तं वाट निंगत नाही, उलटी दुसरी गाठ बसते. गोळी, जेवन, व्यायाम, तिन्ही येळेवर. एकही सोडाचं नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुनबाई चूल फुंकत होत्या. लोखंडी फुंकणी हातात तशीच घेऊन त्या खोलीत आल्या, डोमाजींच्या डाव्या बाजूला बसल्या. त्यांचा डावा हात पुन्हा माझ्या भात्याला बांधला, त्यावर आपला हात ठेवला आणि भाता दाबला.

चूल पेटवायची असल्यासारखा दाबला. मी बकरीसारखी ओरडले.

डोमाजी हसले. तोंडाचा डावा कोपराही किंचित हलला. "सवतीचा गळा दाबून राहिली का व?"

"दाबतेच. तुम्ही वाजवा."

*

तो वारा वेगळा होता. डोमाजींचा वारा विचार करून यायचा. शकुनबाईंचा सूप पाखडल्यासारखा. एक झटका, एक झटका, मध्ये फोलपट उडायला वेळ. गाणं अडखळायचं. डोमाजी वैतागायचे. "हळू व, हळू. उघडू दे, मंग मीट." शकुनबाई म्हणायच्या, "इतकं येत असतं तं हे माही सवत कशाले झाली असती? मीच वाजवली असती."

रोज वाजत होतो. रोवणीच्या दिवसांत त्या चिखलाचे पाय धुऊन बसायच्या.

रोवणी संपली त्या सुमाराची गोष्ट. शकुनबाईंच्या तळव्याखालून मला दुसरा एक दाब लागला. अगदी बारीक. उडीद ठेवावा तेवढा. सगळ्यांत आधी सुटली होती तीच करंगळी.

मी कोणाला सांगणार? पण शकुनबाईंना कळलं. त्यांनी हात उचलला नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त आपला भार थोडा कमी केला.

*

दिवाळी झाली. मंडळाचे प्रमुख भय्याजी आले. "मास्तर, मंडई लागली. एक तं गानं वाजवा. लोकं इचारतात."

डोमाजींचा चेहरा उजळला. मंडईच्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं. शकुनबाईंनी भाकर, वरण आणि गोळी पुढे ठेवली. त्यांनी ताट सरकवलं. गोळीचं पाकीट कोनाड्यात टाकलं.

"भरल्या पोटी पेटी वाजत नाही, तुले मालूम हाये. आन् गोळीनं हात कापते. एवढा एकच हात राहिला मले. मंडईभर गोळी बंद. मंडई सरली का सुरू."

तेच वाक्य. तोच सूर. खोलीत भय्याजी होते, भैय्यालाल होते. मागच्या वेळी सगळ्यांना पटलं होतं.

शकुनबाई माझ्याजवळ आल्या. माझा भाता मिटला आणि त्याची कडी लावली.

"काय करून राहिली व?"

"भाता बंद," शकुनबाई म्हणाल्या. "मंडईभर बंद. मंडई सरली का सुरू."



"लोकं हासतील मले," डोमाजी म्हणाले.

"मागच्या साली हासले ना. मंग काय झालं? गोळीनं हात कापला नव्हता, उपाशी पोटानं कापला होता. डॉक्टरीनबाईले मी इचारलं. खाऊनच गोळी घ्याची. हात कापला तं मले सांगा म्हनाल्या, गोळी बदलून देते. बंद करा असं नाही म्हनाल्या." त्यांनी कडीवर हात ठेवला. "आता दुसऱ्यांदा पडले तं उजवा जाईल. मंग मी दोन्ही हातांनी भाता मारू आन् वाजवू काय? मले एकही गानं येत नाही."

डोमाजी कडीकडे पाहत राहिले. ती डाव्या बाजूला होती. त्यांना ती दिसत होती.

त्यांनी ताट ओढलं. उजवीकडची भाकर खाल्ली. मग मान वळवून डावीकडची खाल्ली. गोळी घेतली. शकुनबाईंनी कडी काढली. भैय्यालालनी गुपचूप आपल्या खिशातून बीपीची गोळी काढली आणि डोमाजींच्याच तांब्यातलं पाणी घेतलं.

*

मंडईत चहा आला. "कलाकाराले फिका चहा देऊ का जी?" घरधनी रुसला.

शकुनबाई म्हणाल्या, "साखर या पेटीत टाका. तिले शुगर नाही."

दंडारीच्या मांडवात बाई बसत नाही. शकुनबाई बसल्या, डोमाजींच्या डावीकडे, पदर घट्ट खोवून. कुजबुज झाली. मग मला वारा मिळाला आणि कुजबुज थांबली.

एकच गाणं. वारा दोन ठिकाणी मागे पडला. चढा सूर चढाच लागला. डोमाजींची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट शकुनबाईंच्या हाताखाली मला लागत होतं. ती विळ्याची जाड जागा नाही लागली. ती अजून यायची आहे. कदाचित येणार नाही.

मला आनंद झाला का? झाला. पण खोटं कशाला सांगू, मित्रांनो? मी त्याच हाताची वाट पाहते, जो भाता उघडू द्यायचा आणि हळूच मिटायचा. चांगलं वाजल्यावर जास्तच आठवतो.

*

आता वारा थोडा उरला आहे, म्हणून मागायचं ते मागून घेते.

तुमच्या घरी कोणाला शुगर असेल, तर त्यांच्या गोळीला सण नसू द्या, मंडई नसू द्या. गोळीने त्रास झाला तर डॉक्टरांना विचारा, सोयऱ्यांना नाही. बोलताना कोणाचं तोंड एका बाजूला ओघळलं, हात गळाला, शब्द जड झाला, तर हसू नका, पाणी पाजू नका, खेळ संपायची वाट पाहू नका. त्याच क्षणी गाडी बोलवा. आणि कोणी आधीच पडलं असेल, तर त्यांच्या गेलेल्या बाजूला जाऊन बसा. तिकडे कोणी बसत नाही.

धुळीने माखलेली एखादी पेटी दिसली, तर तिचा भाता एकदा उघडून

*

डोमाजी पडले त्या मंडईच्या सकाळी, घरून निघताना, त्यांच्या डाव्या पायातली चप्पल अंगणात निसटून मागे राहिली होती आणि काही न कळता ते तसेच रस्त्यापर्यंत चालत गेले होते. शकुनबाईंनी ती उचलून नेऊन दिली, आणि दोघंही हसले.